मोटार मोडीत, नाव बाजारात

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी भांडी मोडीत निघत. पिचलेला तांब्या, बूड गेलेले पातेले, कान तुटलेली कळशी असे सगळे पोत्यात भरून माझी आजी मला बरोबर घेई आणि आम्ही शिवडीहून बसने पायधुणीकडे तांबाकाट्यावर जात असू. त्या काळी भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती. लग्नात आलेल्या, सणावाराला घेतलेल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर आजोबांचे नाव आणि तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली असे. दुकानदार वजन करी, भाव सांगे, घासाघीस होई आणि पैसे हातावर पडत. दुसरी बाई असती तर पैसे कनवटीला लावून उठली असती. आजी उठत नसे. ती म्हणे, "आधी नाव ठोक." मग तो वैतागून हातोडी घेई आणि तिच्या डोळ्यांदेखत प्रत्येक भांड्यावरचे नाव ठोकून सपाट करी. एकदा मी तिला विचारले, की भांडे तर गेलेच, आता नावाचे एवढे काय? ती म्हणाली, "अरे, भांडं गेलं, नाव कुठं गेलं? उद्या कुणी त्याला डाग देऊन वापरात काढलं आणि ते चोरीच्या मालात सापडलं, तर पोलीस कुणाच्या दाराशी येतील?"

पुढे मी गोदीत कारकुनी केली. छत्तीस वर्षे कागद हाताळले, हजारो शिक्के मारले. तरीसुद्धा त्या अशिक्षित बाईइतकी अक्कल मला आली नाही, हे २०२१ साली सिद्ध झाले. त्याची हकीकत आधी सांगतो. भांडण नंतर मांडतो. भांडण माझ्या एकट्याचे असते तर मी ते दिवाळी अंकात आणले नसते.

निवृत्तीनंतर, २०१४ च्या मार्च महिन्यात, मी पाच लाखांची एक लहान मोटार घेतली. चार-साडेचार वर्षे ती इमानाने चालली. २०१८ च्या सप्टेंबरात रफी अहमद किडवाई मार्गावर सिग्नलला उभे असताना बंदराकडून येणाऱ्या एका ट्रेलरने तिला मागून धडक दिली आणि ती पुढच्या टेम्पोत घुसली. मी आणि माझी पत्नी केवळ दैवाने वाचलो. गाडी पुढून आणि मागून चेपून मधे कुबड आल्यासारखी झाली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, कारखान्याने दुरुस्तीचा अंदाज दिला दोन लाख दहा हजार. चार दिवसांनी फोन आला, "तुमची गाडी टोटल लॉस झाली."

मला वाटले, टोटल लॉस म्हणजे गाडी संपली. तसे नसते. तो केवळ हिशेबातला शब्द आहे. विम्याच्या कागदावर गाडीची एक घोषित किंमत असते. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने तिचे कोष्टक घालून दिले: गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर किमतीतून पाच टक्के वजा, वर्षाच्या आत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. म्हणजे माझ्या पाच लाखांच्या गाडीची घोषित किंमत उरली अडीच लाख. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, की गाडी 'टोटल लॉस' समजायची, असा नियम. माझ्या बाबतीत ही रेषा होती एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. अंदाज तिच्या वर गेला आणि गाडी कागदावर मेली. हीच धडक पहिल्या वर्षी बसली असती तर तीच गाडी जिवंत ठरून दुरुस्त झाली असती. आमच्या गल्लीच्या टोकाला शेड टाकून बसलेला मिस्त्री मला तेव्हाच म्हणाला होता, की नव्वद हजारांत उभी करून देतो. तेव्हा गाडी मेली हे वैद्याचे म्हणणे नव्हते, मुनिमाचे होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

मग अवशेषांचा लिलाव झाला. तो संगणकावर होतो. बोली लावणाऱ्यांची तोंडे कुणी पाहत नाही. सर्वांत वरची बोली पंचाऐंशी हजारांची आली. कंपनीने मला सांगितले, की ही रक्कम आम्ही वजा करतो, ती तुम्ही परस्पर गिऱ्हाइकाकडून घ्या. अडीच लाखांतून पंचाऐंशी हजार आणि वर ठरलेले एक हजार वजा होऊन मला एक लाख चौसष्ट हजार मिळाले. उरलेले पंचाऐंशी हजार घेऊन एक गृहस्थ आले. त्यांनी गाडी ओढून नेली, नोंदणीपुस्तक घेतले, दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि फॉर्म २९ व फॉर्म ३० यांच्या कोऱ्या प्रतींवर माझ्या सह्या घेतल्या. नाव कुणाचे घालणार, असे मी विचारले. ते म्हणाले, "काका, भंगारात तर जायचीय. नाव कशाला?" आजीचा नातू असूनही मी सह्या केल्या.

कंपनीची सफाई येथे पाहण्यासारखी आहे. गाडी मेली असे तिने ठरवले, किंमत तिने ठरवली, गिऱ्हाईक तिने शोधले; पण विक्री मात्र माझ्या हातून झाली. मढे मी विकले, तिने फक्त पत्ता सांगितला.

मार्च २०२१ मध्ये माझ्या फोनवर दंडाचा निरोप आला. एमएच ०१ ने सुरू होणारा माझाच क्रमांक, घाटापलीकडच्या एका महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल. सोबत फोटो होता. रंग तोच, जात तीच, पाटीवर आकडा तोच. फक्त फोटोतल्या गाडीच्या पुढच्या बंपरला धुक्यात लावायचे दिवे होते. माझ्या गाडीला ते कधीच नव्हते. मी फोटो घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "दोन गोष्टी असू शकतात, काका. एक तर तुमचीच गाडी कुणी उभी केली आणि बंपर दुसरा लावला. नाहीतर ही गाडीच दुसरी आहे, अन् तुमच्या गाडीचा फक्त नंबर हिच्या अंगावर आहे."

पहिली शक्यता मला वाईट वाटली. दुसरीने माझी झोप उडाली.

मी परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: मालक म्हणून माझे नाव. "गाडी तुमचीच आहे," तो म्हणाला. मी म्हटले, ती मेली. तो म्हणाला, "मग मेल्याचं कळवलं कुठं?" कंपनीकडे गेलो, तर दावा निकालात निघून फाइल बंद झालेली. पोलीस चौकीवर अर्ज घेतला, पोच दिली. दंडाची रक्कम मी भरली नाही. भरली असती तर ती गाडी माझी आहे हे मीच कबूल केले असते. तेव्हापासून आजपर्यंत तो अर्ज माझ्या कपाटात आहे आणि माझे नाव कुणाच्या तरी गाडीत फिरते आहे.

आता भांडणाकडे येतो. 'टोटल लॉस' हा शब्द मोटारीच्या धंद्यात जन्मला नाही. तो समुद्रावरून आला. जहाज बुडाले, जळाले, तर ती प्रत्यक्ष पूर्ण हानी. जहाज शाबूत आहे, पण ते सोडवून आणून दुरुस्त करण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा अधिक आहे, तर तीही पूर्ण हानीच मानायची. या दुसऱ्या कल्पनेवर दर्यावर्दी विम्याचा मोठा डोलारा उभा आहे, आणि आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही ती आहे. मोटारीच्या विम्याने ही कल्पना उचलली, अवशेष विकण्याची रीत उचलली, शब्दसुद्धा तेच उचलले. फक्त एक गोष्ट उचलली नाही, आणि ती नेमकी कामाची होती. आपल्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात असे लिहिलेले होते, की नोंदलेले जहाज प्रत्यक्ष बुडो वा हिशेबाने बुडो, जळो वा मोडीत निघो, मालकाने ते ताबडतोब निबंधकाला कळवावे आणि निबंधकाने नोंदवहीत तसा शेरा मारून त्या जहाजाची नोंद बंद करावी. 'हिशेबाने बुडो' हे शब्द पुन्हा वाचावेत. जहाज पाण्यावर तरंगत असले तरी हिशेबाने बुडाले, की वहीतले पान मिटले.

मी शिवडीत वाढलो. आमच्या दक्षिणेला रे रोडपलीकडे दारूखाना आहे. तिथे जहाजे ओढून आणतात, भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याला लावतात आणि गॅसच्या ज्योतीने कापतात. ३१ जानेवारी १९९७ ला नौदलातून निवृत्त झालेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये तिथेच आणली गेली आणि त्याच वर्षी तिच्यावर ज्योत चालली. अनेकांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण त्या मोडीत एक सचोटी होती. तिचे पोलाद एका मोटारसायकलीत घातले, तर २०१६ मध्ये तशी जाहिरात करून घातले. तिचे नाव दुसऱ्या नौकेला दिले, तर २ सप्टेंबर २०२२ ला साऱ्या देशासमोर दिले. नाव पुन्हा वापरणे हा गुन्हा नव्हे. ते लपूनछपून वापरणे हा गुन्हा. एवढे मोठे धूड मोडताना जे जमते, ते आठ-साडेआठशे किलोचा डबा मोडताना का जमू नये?

कारण उघड आहे. तसे जमले तर डब्याची किंमत उतरते.

हिशेब करून पाहा. माझ्या गाडीचे वजन साडेआठशे किलो धरले आणि भंगार लोखंडाचा भाव किलोला तीस रुपये धरला, तरी ती होते साडेपंचवीस हजारांची. बोली आली पंचाऐंशी हजारांची. वरचे साठ हजार कशाचे? यावर व्यापारी म्हणतील, सुट्या भागांचे. अर्धी गोष्ट खरी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, दारे, काचा, चाके, दिवे यांना कुर्ल्याच्या बाजारात गिऱ्हाईक आहे, आणि ते असावे. ज्याची ऐपत नव्या दाराची नाही त्याने मेलेल्या गाडीचे दार बसवले, तर त्यात पाप नाही. उलट शहाणपण आहे. पण ज्या गाडीचे ना इंजिन धड, ना दार धड, अशा गाडीलाही बोली येते. नोंदणीपुस्तक असेल तर एक भाव आणि नसेल तर दुसरा, ही काय भानगड? कागदाला तर चाके नसतात. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

मिस्त्रीने मला मेलेल्या गाडीच्या तीन वाटा सांगितल्या. पहिली, ती भागाभागाने विकली जाते. सांगाडा कापून वितळायला जातो. दुसरी, ती दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येते. चांगल्या हातांनी झाली तर ठीक. पण पुष्कळदा पुढचा अर्धा भाग एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा असे जोडून, वर रंग देऊन, ती परगावी कुणा नवख्याच्या गळ्यात मारतात. धडकेत फुटलेल्या हवेच्या पिशव्या महाग असतात. त्या बसवायच्याच नाहीत, आणि समोरच्या फळीवरचा इशाऱ्याचा दिवा लागू नये म्हणून तारेत दोन रुपयांचा तुकडा बसवायचा. दिवा विझतो. घेणाऱ्याला वाटते पिशवी आहे. ती नाही हे त्याला दुसऱ्या धडकेत कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या शहरात किती मोटारी छपरापर्यंत बुडाल्या हे पाहिलेले लोक अजून हयात आहेत. पाणी ओसरते, गादी वाळते, वास अत्तराने जातो. तारांच्या जोडांतला गंज राहतो, आणि तो घाटात उतरताना जागा होतो.

तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत घाणेरडी. मेलेली गाडी घ्यायचीच मुळी कागदासाठी. मग त्याच जातीची, त्याच रंगाची गाडी चोरायची. तिच्या चासीवरचा आकडा घासून काढायचा, मेलीचा आकडा ठोकायचा, मेलीची पाटी लावायची आणि मेलीचे पुस्तक हातात घेऊन ती उजळ माथ्याने विकायची. आपल्या जुन्या कथांतले योगी मेलेल्या राजाच्या देहात शिरत असत. येथे मेलेल्या गाडीचे नाव जिवंत गाडीच्या देहात शिरते. हे मी कल्पनेने सांगत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात रायगड जिल्ह्यात पाण्याखाली गेलेल्या आणि भंगार म्हणून विकलेल्या शेकडो नव्या गाड्या चासीचे आकडे बदलून विकल्याचा आरोप ठेवून नवी मुंबईच्या पोलिसांनी पुढे माणसे पकडली. भंगार म्हणून विकलेली वस्तू भंगार झाली की नाही हे पाहणे कुणाचेच काम नव्हते. ते काम नेमून दिलेले नाही, हीच माझी तक्रार.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, नोंदणीपुस्तक परत करावे, आणि अधिकाऱ्याने नोंद रद्द करावी. वाचायला छान आहे. पण माझी गाडी नष्ट झाली होती काय? नाही, ती अंगणात उभी होती. कायमची निकामी होती काय? नाही, मिस्त्री नव्वद हजारांत उभी करणार होता. म्हणजे विमा कंपनीच्या वहीत ती मेलेली, ५५ व्या कलमाच्या दृष्टीने जिवंत आणि बाजाराच्या दृष्टीने दोन्ही. या फटीतून हा सारा धंदा चालतो. जहाजाच्या कायद्याने 'हिशेबाने बुडो' असे दोन शब्द घालून जी फट बुजवली, ती मोटारीच्या कायद्याने उघडी ठेवली.

आणि उघडी ठेवून शिक्षा कुणाला? ज्याचे नाव वहीत त्याला. ५० व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. मी कळवले नाही. ही चूक माझी, मी ती नाकारत नाही. पण तिची किंमत पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हातोहात फिरलेल्या गाडीच्या खटल्यात निर्णय दिला, की अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्ताच्या बाजूने पाहिले तर निर्णय योग्यच आहे. त्याने मालकांची वंशावळ कुठे शोधत बसायचे? पण मेलेल्या गाडीला हा नियम लावून पाहा. तिचा विमा दाव्याबरोबर संपलेला. उद्या त्या गाडीने, किंवा तिचे नाव लावलेल्या गाडीने, कुठे एखादे पोर चिरडले आणि नवा विमा कुणी उतरवलेला नसला, तर शोध घेत माणसे येतील ती शिवडीला, माझ्या दाराशी. गाडी माझी नाही हे सिद्ध करीत मला पंचाहत्तराव्या वर्षी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. आजीने तांबाकाट्यावर बसून सांगितले होते ते हेच.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २३ सप्टेंबर २०२१ ला वाहने मोडणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम निघाले. या केंद्रात गाडी दिली, की जमा केल्याचा दाखला मिळतो, मोडल्यावर मोडल्याचा दाखला निघतो, चासीचा आकडा असलेला तुकडा कापून वेगळा ठेवायचा असतो. माझ्या आजीची हातोडी अखेर राजपत्रात आली म्हणायची. पण त्याच नियमांत अपघातात वा पुरात सापडलेल्या गाडीविषयी काय आहे? ती मोडीत घ्यावी, पण केव्हा, तर मालक स्वतः तिला भंगार म्हणून जाहीर करील तेव्हा. म्हणजे पुन्हा मालकाच्या खुशीवर. जिथे केंद्र पंचवीस हजार देणार आणि कोऱ्या फॉर्मांवर सही घेणारा पंचाऐंशी हजार देणार, आणि त्या पंचाऐंशी हजारांचा आकडा विमा कंपनीने आधीच भरपाईतून वजा केलेला, तिथे मालक कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्याशी वाद घालणारे तीन प्रकारचे लोक भेटले. पहिले विम्यातले. ते म्हणतात, आम्ही नुकसान भरून देतो, आम्ही पोलीस नाही. आणि अवशेषांना भाव कमी आला तर तो तोटा सर्वांच्या हप्त्यावर बसेल. मी त्यांना विचारतो, चोरीला गेलेल्या गाडीची भरपाई कोण देतो? तुम्हीच ना? म्हणजे एका खिडकीवर तुम्ही मेलेल्या गाडीचे नाव विकता, त्या नावाच्या जोरावर कुणी जिवंत गाडी चोरतो, आणि दुसऱ्या खिडकीवर तुम्ही त्या चोरीची भरपाई मोजता. हा हिशेब तुमच्या मुनिमांनी कधी मांडला आहे काय? शिवाय जो साठ हजारांचा फरक तुम्ही हप्त्यात जमा धरता, त्यातला काही भाग माझ्या नावाची किंमत आहे. माझे नाव विकून लोकांचे हप्ते स्वस्त करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दुसरे म्हणतात, गरीब मिस्त्रींच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप मला लागतो, कारण ज्या माणसाने मला खरे सांगितले तोच मिस्त्री आहे. मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, "गाडी बांधायला मला पुस्तक लागत नाही, काका. पुस्तक ज्याला आधी लागतं, त्याच्याकडं मी काम करत नाही." दुरुस्ती बंद करा असे मी म्हणतच नाही. मेलेली गाडी पुन्हा उभी राहिली तर राहू दे. पण ती मरून उठली आहे हे तिच्या पुस्तकावर लिहा. इंग्लंडमध्ये विमा कंपन्यांनीच चार वर्ग केले आहेत. ऑक्टोबर २०१७ पासून त्यांची आजची रचना आहे. पहिल्या वर्गातली गाडी सगळीच चिरडायची. दुसऱ्या वर्गातलीचे भाग घ्यायचे, पण सांगाडा चिरडायचा. तिसऱ्या व चौथ्या वर्गातली दुरुस्त करता येते, पण तो वर्ग तिच्या नावाला चिकटतो आणि घेणाऱ्याला शोधता येतो. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच शिक्का असतो. चांगल्या मिस्त्रीला त्या शिक्क्याची भीती नाही. ज्याला भीती आहे तो मिस्त्री नव्हे.

तिसरे आपले नेहमीचे. ते म्हणतात, अहो, एवढे नियम आहेत, आणखी एक कशाला? तुम्हीच सावध राहायचे. ही मंडळी फसलेल्याला उपदेश करण्यात पटाईत असतात. माणूस मेला, तर या मुंबईत डॉक्टरच्या दाखल्याशिवाय त्याला सरणावर ठेवता येत नाही. पालिका नोंद करते आणि मगच वारसांची कामे सुरू होतात. तिथे कुणी म्हणत नाही, की नातेवाइकांनी सावध राहावे म्हणजे झाले. माणसाच्या मरणाची नोंद आपण त्याच्या वारसांच्या मर्जीवर सोडलेली नाही, मग ज्या यंत्राखाली माणसे मरतात त्याच्या मरणाची का सोडावी?

माझे मागणे लांबलचक नाही. ज्या दिवशी विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवील, त्याच दिवशी तिनेच, मालकाने नव्हे, परिवहन कार्यालयाला कळवावे आणि वहीत शेरा पडावा. शेरा पडल्याखेरीज अवशेषांची बोली लावू नये. जी गाडी उभी राहण्यासारखी नाही तिचे पुस्तक रद्द व्हावे आणि चासीवरचा आकडा कापून घेतल्यावरच सांगाडा हलावा. जी उभी राहील तिची पुन्हा तपासणी होऊन नव्याने नोंद व्हावी, आणि पहिल्या मरणाची खूण पुस्तकावर कायम राहावी. आणि ५५ व्या कलमात दोन शब्दांची भर घालावी: 'वा हिशेबाने'. शोध नवा लावायचा नाही. जहाजांसाठी हे सारे आपण १९५८ सालीच लिहून ठेवले होते.

तोवर वाचकांपैकी कुणाची गाडी अशी गेलीच, तर माझे ऐका. कोऱ्या फॉर्मावर सही करू नका. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घ्या. हस्तांतर चौदा दिवसांच्या आत स्वतः कळवा आणि पोच जपून ठेवा. शक्य असेल तर पुस्तक रद्द करूनच गाडी द्या. बोली दहा-वीस हजारांनी उतरेल, उतरू द्या. त्या वेळी तुम्हाला वेड्यात काढतील. माझ्या आजीलाही काढत. तांबाकाट्यावरचा तो दुकानदार दर दिवाळीला तिला म्हणे, "म्हातारे, पैसे मिळाले ना? आता जा की." आणि ती पोत्यावर मांडी घालून बसून राही, हातोडीचा शेवटचा ठोका पडेपर्यंत.